मंगळवारी दहा वाजता, शोरूमसमोर

मला फसवलं ते भर सकाळी, उत्तम कॉफी पाजून, माझ्या सहीशेजारी दोन शिक्के मारून. हे आधीच सांगून टाकते, कारण फसलेली माणसं ही गोष्ट सगळ्यात शेवटी सांगतात, खालच्या आवाजात, "कोणाला बोलू नकोस हं" म्हणत. मी खालच्या आवाजात सांगणार नाही. माझा आवाज मुळातच मोठा. चाकणच्या कारखान्यात प्रेसच्या धडधडाटावरून ओरडून तो तसा झाला आणि जर्मनीत येऊन तीन वर्षं झाली तरी उतरलेला नाही. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी त्याबद्दल एकदा आमच्या दारावर चिठ्ठीसुद्धा लावली होती.

माझं काम माल अडवण्याचं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मी तपासनीस होते, आधी चाकणला अकरा वर्षं, मग इथे ब्राउनश्वाइगजवळ तीन वर्षं. भाग हातात घ्यायचा, मोजायचा, उजेडात फिरवून बघायचा. बरा निघाला तर हिरवी चिठ्ठी, नाही तर लाल. लाल चिठ्ठीवर ‘गेश्पेर्ट’ असं छापलेलं असे, म्हणजे अडवलेला. एकदा ती लागली की तो भाग पुढे ढकलायची कोणाच्या बापाची टाप नाही. साहेब डोळे वटारू दे, नाहीतर ट्रक दारात तिष्ठत राहू दे. एका बाईच्या ‘नाही’ला एवढा मान असलेली दुसरी नोकरी मला तरी माहीत नाही.

मग कारखान्याने आमचा अख्खा विभाग दुसऱ्या, स्वस्त देशात हलवला. निरोपाला केक होता आणि एक कुंडी होती. त्या दिवशी माझ्या खणातल्या लाल चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा मी पर्समध्ये टाकून घरी आणला. चोरी म्हणा हवं तर. मला ती कुंडीपेक्षा बरी आठवण वाटली.

पंधरा दिवसांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं पत्र आलं. त्या कार्यालयाला आम्ही सगळे नुसतं ‘आम्ट’ म्हणतो, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येतो, माझासुद्धा. माझा इथला परवाना नोकरीला बांधलेला. सहा महिन्यांत नव्या नोकरीचा करार दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा, असा त्या सभ्य पत्राचा अर्थ. माझं एकटीचं असतं तर मी कदाचित गुंडाळलाही असता. पण माझी मुलगी नववीत होती. सहावीत आणली तेव्हा तिला जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. वर्षभर ती वर्गात मुकी बसून होती आणि घरी येऊन दप्तर भिरकावत होती. त्यातून कशीबशी वर आली. आता मी मराठीत विचारते आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते, भांडतेसुद्धा जर्मनमध्येच. एकदा उपटून लावलेलं रोप मी पुन्हा उपटणार नव्हते. तिच्या बाबांना आमच्या घरात जागा नाही, या लिखाणातही नाही. तेव्हा जे काय करायचं ते मीच.

अर्ज करत सुटले. प्रत्येक उत्तर ‘लायडर’ने सुरू व्हायचं, म्हणजे ‘खेद आहे की’. पुढेपुढे मी तेवढा एक शब्द वाचून फोन पालथा ठेवायची. अशा चौथ्या महिन्यात ती जाहिरात दिसली. मोटारविक्री सल्लागार. अनुभवाची गरज नाही. परदेशी अर्जदारांचं स्वागत. चार आठवड्यांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर नोकरीची हमी.

शोरूम ट्रामच्या शेवटच्या थांब्यापुढे होतं, टायरवाला आणि फर्निचरचं गोदाम यांच्या मधोमध. काच लख्ख, फरशी लख्ख, आत चार गाड्या. सूट आणि पांढरेशुभ्र खेळाचे बूट घातलेला एक माणूस पुढे आला. त्याचं नाव मला लिहायचं नाही, तेव्हा पांढरे बूट एवढं पुरे. त्याने माझा बायोडेटा वाचला, मान हलवली आणि म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं गाडी आतून ओळखतात. आम्हाला अशीच माणसं हवी असतात." चार महिने ‘लायडर’ वाचणाऱ्या बाईला हे वाक्य कसं लागतं ते सांगायला नको. मला रडू येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून मी उठून एक गाडी बघायला गेले.

आणि इथेच मला सगळं दिसलं होतं. पुढच्या चाकाच्या आतली ब्रेकची तबकडी गंजून तांबूस झाली होती. असा गंज गाडी जरा फिरली, दोन-चार वेळा ब्रेक लागला की घासून निघून जातो. इथे त्याचा थर साचला होता, चारही गाड्यांना. म्हणजे महिनोन्‌महिने एकही गाडी जागची हलली नव्हती. कोणी गाडी विकत घेणं सोडा, चक्कर मारायलासुद्धा बाहेर काढली नव्हती. पंधरा सेकंदांत माझ्या डोळ्यांनी ते टिपलं आणि माझ्या डोक्याने बाजूला सारलं.

का सारलं, ते आता कबूल करते. चाकणला असताना मी पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर एक दिवसही विश्वास ठेवला नाही. कागद बाजूला ठेवून भाग मोजायची. पण इथे येणाऱ्या आम्हा सगळ्या मराठी लोकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते: फसवाफसवी आपल्याकडे, इथे कागदावर लिहिलं, त्यावर शिक्का पडला, की विषय संपला. नव्याने आलेल्यांना आम्ही हे ज्ञान चहाबरोबर देतो. मीही कितीतरी जणांना दिलं आहे, वर "इथली सिस्टीमच तशी आहे" हेही. नऊ पानांचा करार माझ्यापुढे आला. माझं जर्मन कारखान्यापुरतं, कायद्याचं नाही. घरी नेऊन मुलीला वाचायला देता आला असता. पण सही आईने करायची आणि अर्थ पोरीने सांगायचा, याची मला लाज वाटली. फी होती तीन महिन्यांच्या घरभाड्याएवढी. शिक्के दोन होते, एक गोल आणि एक चौकोनी. मी सही केली.

त्याच आठवड्यात गणपती होते. आमचं मंडळ चर्चचा एक हॉल भाड्याने घेतं. धुराच्या अलार्ममुळे आरतीला कापूर नाही, बॅटरीचे दिवे. मी दूध पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचे पेढे वळून नेले, वर पिस्त्याचा काप लावून. मंडळाच्या काकांनी माईकवरून सांगितलं, "आपल्या ताईंना नोकरी लागली बरं का! मोटारींच्या विक्रीत!" टाळ्या झाल्या. करारात नोकरी नव्हती, शिकवणी होती. पण मला स्वतःला तो फरक कळत नव्हता, मग टाळ्या वाजवणाऱ्यांना कुठून कळणार. मी प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत सगळ्या हॉलभर फिरले. फार दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे नजर चुकवल्याशिवाय बघत होतं.

पेढा घेताना एका मुलीने माझा हात धरून ठेवला. नाशिकची, एमबीए झालेली. नवरा इथल्या विद्यापीठात पीएचडी करतो आणि ही दीड वर्षं घरात बसून. म्हणाली, "ताई, मला पण सांगा ना कुठे ते. मी आता वेडी होईन घरी." मी पत्ता दिला. नुसता दिला नाही, सोबत घेऊन गेले. पांढऱ्या बुटांनी तिलाही सांगितलं की त्यांना अशीच माणसं हवी असतात.

आम्ही वर्गात अकरा जण होतो. सिरियातला एक बेकरीवाला, दोन युक्रेनियन बायका, कारखान्यांतून काढलेले काही जर्मन, आणि आम्ही दोघी. सकाळी नऊ ते दोन. पहिला आठवडा हस्तांदोलन कसं करायचं, यातच गेला. गाडीचं बॉनेट मी तिथे होते तोवर एकदाही उघडलं नाही. मी इंजिनबद्दल काही विचारलं की पांढरे बूट हसायचे. "ग्राहक इंजिन विकत घेत नाही, तो भावना विकत घेतो." माझ्या मनात यायचं, भावना चढावर बंद पडली तर मग टोइंगवाला कोणाला उचलून नेतो? पण गप्प बसायची. हातात नोकरीचा करार नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर एक वाक्य आलं: ‘नाही’ म्हणजे ‘अजून नाही’. ते आम्ही एका सुरात म्हणायचं. समोरचा नाही म्हणाला की त्याच्या भीतीबद्दल बोलायचं. पुन्हा नाही म्हणाला की त्याच्या मुलाबाळांबद्दल. तिसऱ्यांदा म्हणाला की शेवटच्या एकाच उरलेल्या जागेबद्दल. चौदा वर्षं ‘नाही’ म्हणण्याचा पगार घेतलेली मी, ते वाक्य अकरा जणांत सगळ्यात मोठ्याने म्हणत होते.

तिसऱ्या आठवड्यात आम्हाला फोन दिले. टेबलावर एक पितळी घंटा ठेवली. ज्याचा ग्राहक तयार होईल त्याने उठून ती वाजवायची. माझ्यासमोर नावांची यादी आली. मी विचारलं, "यांना कुठली गाडी हवी आहे?" पांढरे बूट म्हणाले, "आधी माहितीसत्राला येऊ द्या, मंगळवारी दहाला. गाडीचं पुढे बघू." मी पहिला फोन लावला.

पलीकडे वयस्क पुरुषाचा आवाज होता. सावकाश, शब्द मोजून बोलणारा. तीस वर्षं बस चालवली, म्हणाला. पाठ गेली, म्हणून काढलं. त्याने जाहिरातीचा फॉर्म भरला होता. मी पाठ केलेलं बोलत गेले. दोनदा तो नाही म्हणाला. मी त्याला त्याच्या भीतीबद्दल विचारलं, मग मुलाबाळांबद्दल. शेवटी तो म्हणाला, "बाई, एकच सांगा. नोकरी नक्की मिळते ना?"

मी म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी नक्की. इथे राहून जिभेवर बसलेला शब्द. ट्राम हीच का, गेनाऊ. पाव कापून देऊ का, गेनाऊ. काही विचार न करता तोंडातून जातो.

"मग येतो," तो म्हणाला. "आभारी आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले आणि घंटा वाजवली. स्वतःच्या हाताने. तो आवाज अजून कानात आहे आणि राहू दे, मला तो विसरायचा नाही.

खाली बसताना काचेतून त्या चार गाड्या दिसल्या. गंज तसाच होता. आता मात्र तो मला वाचता आला. इथे गाडी विकलीच जात नव्हती. विकली जात होती ती शिकवणी, आणि गिऱ्हाईक होतो आम्ही, काम नसलेली माणसं. पुढच्या खोलीत गळ्यात ओळखपत्र अडकवून फोन करणाऱ्या दोन बायकांना मी डबा खाताना विचारलं, की तुम्हाला नोकरी कधी लागली. त्या आधीच्या तुकडीतल्या निघाल्या. अजून ‘प्राक्टिकुम’ चाललंय, म्हणजे उमेदवारी, बिनपगारी. हमीची नोकरी कुठल्यातरी ‘भागीदार’ दुकानाकडून येणार होती. कुठल्या, ते दोघींपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

ट्रामच्या थांब्यावर मी नाशिकच्या मुलीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती पांढऱ्या बुटांना शिव्या देईल. तिने माझ्याकडे बघितलं. "ताई," ती म्हणाली, "मी काही जाहिरात बघून आले नव्हते हो. मी तुमचा पेढा खाऊन आले." ती बरोबर बोलत होती आणि मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या बुटांसमोर उभी राहिले आणि माझी फी परत मागितली. तो जराही चिडला नाही. खुर्ची दिली, कॉफी दिली. मग म्हणाला, "तर मग, आपण स्पष्ट बोलू. तुम्हाला पैशाची नाही, आम्टला दाखवायच्या कागदाची गरज आहे." आणि खणातून एक पत्र काढलं. आमच्या संस्थेत या बाईंची विक्री सल्लागार म्हणून कायमची नेमणूक झाली आहे, पगार इतका, सुरुवात अमुक तारखेपासून. माझं नाव, जन्मतारीख, सगळं आधीच टाइप केलेलं. दोन्ही शिक्के मारलेले, फक्त सही बाकी. "पगार कागदावर राहील," तो म्हणाला. "परवाना मिळाला की तुम्ही मोकळ्या. तोवर तीन महिने फोनवर बसा. तुम्हाला चांगलं जमतं ते. विचार करा, घाई नाही."

मी ते पत्र घरी नेलं. खोटं कशाला बोलू, फाडलं नाही, फेकलं नाही, जपून प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून नेलं. माझ्याकडे नऊ आठवडे उरले होते. हा कागद दिला की मुलीची शाळा सुटत नव्हती. आणि पेढ्यांचीही लाज राहत होती.

या वेळी मी पत्र मुलीपुढे ठेवलं, सोबत ती नऊ पानंही. ती जेवणाच्या टेबलाशी बसून पेन्सिल घेऊन वाचत गेली. करारात आठव्या पानावर एक ओळ होती, तिने ती मला समजावून सांगितली: नोकरीसाठी ‘प्रयत्न केला जाईल’. हमी फक्त जाहिरातीत होती. मग तिने ते नेमणूकपत्र वाचलं आणि जर्मनमध्ये विचारलं, "हे खरं आहे?"

"नाही."

"मग तू ते देणार?"

"तुझी शाळा..." मी सुरुवात केली.

तिने मला मध्येच तोडलं. जर्मनमध्येच, पण शांतपणे. "माझं नाव पुढे करू नको. तुला द्यायचं असेल तर दे. पण माझ्यासाठी म्हणून देऊ नको." आणि उठून आपल्या खोलीत गेली. पंधरा वर्षांची पोर, कपाट आवरत नाही, मोजे जिथे काढेल तिथे. माझा संताप झाला. इतका संताप माणसाला आपण चुकतो आहोत हे माहीत असतानाच होतो.

मग पर्समधला तो गठ्ठा काढला आणि एक लाल चिठ्ठी त्या पत्रावर, बरोबर शिक्क्यांच्या मध्ये चिकटवली. खराब माल ओळखून पुढे जाऊ दिला असं माझ्या हातून एकदा झालं होतं. दुसऱ्यांदा होणार नव्हतं.

पुढच्या मंगळवारी दहाच्या माहितीसत्राला मी जाऊन बसले. सोबत नाशिकची मुलगी होती. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण आली. खुर्च्यांवर पंधरा-वीस माणसं, इस्त्रीचे कपडे, मांडीवर फायली. पांढऱ्या बुटांनी ‘सुस्वागतम्’ म्हटल्यावर मी उभी राहिले. माझं जर्मन व्याकरणाच्या बाबतीत दिव्य आहे. तरी म्हणाले, "मी इथे शिकले. मी फी भरली. इथे एकही गाडी विकली जात नाही, बाहेर त्या गाड्यांच्या ब्रेकच्या तबकड्यांवरचा गंज बघा. मला नोकरी मिळाली नाही, माझ्याआधीच्यांनाही नाही. मला आम्टसाठी खोटं पत्र देऊ केलं, ते हे. करार घरी नेऊन वाचा. आठवं पान." आणि लाल चिठ्ठीचं ते पत्र डोक्यावर धरलं.

पांढरे बूट म्हणाले, "मी पोलिसांना बोलावतो."

"बोलवा. मीही त्यांनाच द्यायला कॉपी काढून आणल्या आहेत."

दुसऱ्या रांगेतून एक उंच, पाठीत वाकलेला माणूस उठला. माझ्याकडे बघत होता, पण पत्राकडे नाही, तोंडाकडे. "फोनवर तुम्हीच होतात ना?" त्याने विचारलं.

आवाज मला लगेच कळला. "हो," मी म्हणाले. "मीच होते. तुम्ही विचारलंत आणि मी गेनाऊ म्हणाले. ते खोटं होतं. मला माफ करा."

त्याने माफ केलं नाही. टोपी घातली, फाईल काखेत धरली आणि माझ्या बाजूने न बघता निघून गेला. त्याच्यामागे आणखी काही जण उठले. काही बसून राहिले. ‘शेवटची एकच जागा’ या शब्दांत फार ताकद असते, ती मला माहीत आहे.

त्यानंतर मी तक्रारी केल्या. पोलिसांत केली, ग्राहकांना सल्ला देणाऱ्या केंद्रात केली. केंद्रातल्या बाईंनी सगळे कागद घेतले आणि सांगितलं, याला वेळ लागेल. तोपर्यंत जे सिद्ध करता येईल तेवढंच बोला, स्वतःपुरतं. ठीक आहे. मी स्वतःपुरतं बोलायला दर मंगळवारी पावणेदहाला त्या शोरूमसमोरच्या फुटपाथवर उभी राहू लागले. कोटावर लाल चिठ्ठी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तीन वाक्यं: मी इथे शिकले, मला नोकरी मिळाली नाही, करार घरी नेऊन वाचा. पांढऱ्या बुटांनी खरंच पोलीस बोलावले. दोघे आले, माझी ओळखपत्रं बघितली, रस्ता बघितला आणि त्याला सांगितलं की फुटपाथ सार्वजनिक आहे. त्या दोघांना पेढे द्यायचे राहूनच गेले.

मंडळाच्या दिवाळी फराळाला मी काकांकडे माईक मागितला. काकांनी मला बाजूला घेतलं. "अगं, झालं ते झालं. व्यासपीठावरून कशाला सांगायचं? लोक म्हणतील, एवढी शिकलेली माणसं आणि अशी फसतात."

"काका, पेढे वाटले तेही व्यासपीठावरून सांगूनच," मी म्हणाले. त्यांनी माईक दिला.

मी सगळं सांगितलं, पत्ता घेऊन गेलेल्या मुलीची माफीसुद्धा तिथेच मागितली. टाळ्या वगैरे काही नाही. कोणीतरी चकलीचा डबा उघडला. पण नंतर भांडी विसळताना एक जण हळूच म्हणाला की त्याने न बघितलेल्या घराची अनामत भरली होती, शिक्का असलेल्या कागदावर. दुसरी म्हणाली, माझंही असंच झालं, नवऱ्यालाही माहीत नाही. हॉलभर चकल्या खात उभी असलेली किती माणसं गप्प होती, देव जाणे. नाशिकची मुलगी शेवटी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, मंगळवारी मी पण येते. मला घरी बसून तरी काय करायचंय."

पाचव्या मंगळवारी थंडी मरणाची होती. मी एका बाईला माझी तीन वाक्यं सांगत असताना शेजारी कोणीतरी येऊन थांबलं. तो बसचालक होता. थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली आणि माझ्यापुढे धरली. मग पुढच्या येणाऱ्याला त्याने स्वतःच थांबवलं आणि त्याच्या त्या सावकाश आवाजात म्हणाला, "करार घरी नेऊन वाचा. आठवं पान." त्याच्याकडे लोक माझ्यापेक्षा जास्त थांबायचे. त्याचं व्याकरण बरं होतं.

मुदतीला तीन आठवडे उरले असताना मला मुलाखतीचं बोलावणं आलं. लीझवरून परत आलेल्या गाड्या तपासून घेणारं एक मोठं केंद्र. वेळ नेमकी मंगळवारी दहाची. वेळ बदलून मागू का, असं मी खरंच म्हणाले, आणि नाशिकच्या मुलीने मला वेड्यात काढलं. बसचालकाने हात पुढे केला. मला आधी कळलं नाही. मग मी कोटावरची चिठ्ठी काढून त्याला दिली. त्याने ती आपल्या कोटावर लावली आणि टोपी सरळ केली.

मुलाखतीत त्यांनी मला एक गाडी दिली आणि सांगितलं, बघा. मी चाकांपासून सुरुवात केली.

पत्र आठ दिवसांनी आलं. पगार आधीपेक्षा कमी, परवान्यापुरता पुरेसा. सोबत बारा पानांचा करार. मुलगी पेन्सिल घेऊन बसली, मी समोर बसले. तिने प्रत्येक कलम वाचलं, अर्थ सांगितला, मला दोनदा प्रश्न विचारायला लावले. मग मी सही केली. आम्टमध्ये जाऊन आले. फी अजून परत मिळालेली नाही, पत्रव्यवहार चालू आहे, आणि शोरूम उघडंच आहे. तेव्हा मंगळवारची पहिली सुट्टी नव्या साहेबांकडून मी रुजू होण्याआधीच मागून घेतली.

त्या मंगळवारी पेढे वळून नेले. पिस्त्याचा काप लावून. बसचालक आधीच उभा होता. मी डबा उघडला. तो म्हणाला, "हे काय?"

"नोकरी लागली की आमच्यात वाटतात."

त्याने पेढा उचलला, पण तोंडात टाकला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "नक्की?"

शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. पर्समधून करार काढला आणि त्याच्या हातात दिला. "तुम्हीच वाचा," मी म्हणाले.

त्याने पेढा रुमालात ठेवला, चष्मा लावला आणि तिथे फुटपाथवर उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली. बाराच्या बारा पानं वाचली. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि पेढा खाल्ला.